यादीतलं आपलं नाव



दर वेळी या कार्यक्रमाला येताना आमच्या हातात बचत गटाची वही असते. आज वहीबरोबर कागदांची एक चळत आणली आहे. आमच्या गावाची मतदार यादी. पानं चुरगळली आहेत, कोपऱ्यांना हळदीची बोटं लागली आहेत, जागोजागी पेनाच्या खुणा आहेत. गेली दोन वर्षं आम्ही ही यादी पोथी लावल्यासारखी वाचतो आहोत. वाचायला लागलो ते एका दारूच्या दुकानामुळं. आधी ती गोष्ट सांगतो.

गाव नांदेड आणि लातूरच्या शिवेवरचं. नाव सांगत नाही, ज्यांच्याशी भांडलो त्यांच्या शेजारीच आम्हाला राहायचं आहे. गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान, तेही शाळेच्या वाटेवर. बाजाराच्या दिवशी रोजगाराचे पैसे घरी येण्याआधी तिथं उतरत. पुढं घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

एका मेळाव्यात आम्हाला कळलं, की असं दुकान गावातल्या बायकांना मतदान करून बंद करता येतं. महाराष्ट्र सरकारनं २००८ साली तसा नियम केला आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सही-अंगठ्याचं निवेदन द्यायचं. अधिकारी सह्या तपासतात. मग गुप्त मतदान होतं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान चालू ठेवायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. अक्षर न येणारीलाही समजेल असं हे मतदान आहे. ज्यानं कुणी ही चित्रं सुचवली, त्याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

सह्या गोळा करायला तीन आठवडे लागले. कुणाची सासू आडवी आली, कुणाचा दीर. मतदानाचा दिवस लागला पौषात. त्या दिवशी आमच्यातली एक जण नातवाला सलाईन लावलेलं सोडून आली आणि शिक्का मारून परत दवाखान्यात गेली. संध्याकाळी मोजणी झाली. उभ्या बाटलीला पुरती चाळीस मतंसुद्धा नव्हती. आडवीला त्याच्या दहापट. आम्ही गुलाल मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात साहेबांनी सांगितलं, ठराव पडला. दुकान राहणार.

आम्हाला वाटलं फसवणूक झाली. एका भावजींनी तर "बघा, बायकांचं राज्य" म्हणून चहा पाजला सगळ्यांना. फसवणूक झालेली नव्हती. नियमच असा आहे, की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. आलेल्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मिळून भागत नाही.

याचा अर्थ काय होतो, ते जरा हिशोबानं बघू. आपण व्याजाचे हिशोब करतो, तसाच हा. समजा, एका गावाच्या यादीत बायकांची ९०० नावं आहेत. आडवी बाटली जिंकायला ४५१ मतं पाहिजेत. आता त्या ९०० मधल्या ८० जणी एकतर वारल्या आहेत नाहीतर लग्न होऊन गेल्या आहेत, पण नावं तशीच आहेत. दीडशे जणी ऊसतोडीला गेल्या आहेत. गावात राहिल्या ६७०. त्यातूनच ४५१ काढायच्या. म्हणजे दर तीन बायकांमागं दोघींनी आलंच पाहिजे आणि आडवीवरच शिक्का मारला पाहिजे. जी आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात. जी बाई दहा वर्षांपूर्वी वारली, तीसुद्धा दुकान चालू ठेवायला मदत करते.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या बारावी शिकलेल्या सुनेनं मोबाईलवरून यादी काढली, तालुक्याला जाऊन छापून आणली आणि मारुतीच्या पारावर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

काय काय निघालं त्या यादीतून! जिचं वर्षश्राद्ध होऊन काळ लोटला अशी आजी होती. लग्न होऊन उदगीरकडं, देगलूरकडं, तेलंगणात गेलेल्या लेकी होत्या. त्यांच्या पोरांच्या मिशा फुटायला आल्या, तरी त्या इथं आमच्याच गावच्या मतदार. आणि त्यांच्या जागी गावात आलेल्या सुना? कित्येक सुनांची नावं नव्हतीच. आमच्या गटाची सचिव, जी बँकेत जाऊन कर्जाचे कागद करते, सहा वर्षं या गावात नांदते, तिचं नाव माहेरच्या यादीत. तिनंच सह्या गोळा करायला सगळ्यांत जास्त पायपीट केली होती आणि मतदानाच्या दिवशी ती दाराबाहेर उभी होती. तिला आम्ही विचारलं, "बाई, तू नाव का नाही आणलंस इकडं?" ती म्हणाली, "मला कुणी म्हणलंच नाही. रेशन कार्डावर चढवलं तेव्हा वाटलं, सगळीकडंच चढलं असेल."

यात राजकारणही आहे बरं का. ग्रामपंचायतीचं मतदान आलं, की माहेरच्या यादीत राहिलेल्या लेकींना आणायला जीपा जातात. साडी-चोळी होते, पुरणपोळी होते, मत होतं आणि लेक परत सासरी. लेकीला माहेरपण मिळतं, म्हणून तीही खूश. पण जिथं ती पाणी भरते, जिथल्या अंगणवाडीत तिचं लेकरू जातं, जिथला रस्ता तिच्या पायाखाली आहे, त्या गावाच्या कारभारात तिचं मत नाही. नाव एका गावात आणि जगणं दुसऱ्या गावात.

हे नावाचं दुखणं आपल्याकडं लग्नापासूनच सुरू होतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. आमच्यातल्या निम्म्याजणींची नावं अशी तांदळात बदलली. आधार कार्ड एका नावाचं, शाळेचा दाखला दुसऱ्या नावाचा, सासरी हाक मारायला तिसरंच. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना या गोष्टीनं किती रडवलं ते आठवा. दीड हजार रुपयांसाठी का होईना, गावोगावच्या बायकांनी पहिल्यांदा आपले सगळे कागद एका रांगेत मांडले आणि त्यावरची ती बाई एकच आहे का, हे तपासलं. जाता जाता एक सांगतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माहेरचं नाव ठेवूनही सासरच्या पत्त्यावर मतदार होता येतं.

आता थोडं मागं जाऊ, कारण या यादीत आपलं नाव सहज आलेलं नाही.

इंग्रजांच्या राज्यात आधी बाईला मतच नव्हतं. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू आणि इतर बायकांचं शिष्टमंडळ मद्रासमध्ये विलायतेच्या मंत्र्याला भेटलं आणि बाईला मत द्या म्हणालं. तिकडून उत्तर आलं, की हे ज्या त्या प्रांतानं ठरवावं. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलनं १९२१ मध्ये ते मान्य केलं. पुण्याच्या रमाबाई रानडे यांनी त्या काळात त्यासाठी खटपट केली होती. पण ते मत फक्त मालमत्तावाल्यांना होतं. बाईच्या नावावर घर-जमीन असणार किती जणींच्या? बोटावर मोजण्याइतक्या बायका मतदार झाल्या.

१९३५ च्या कायद्यात आणखी काही बायकांना मत मिळालं, पण कसं मिळालं ते ऐका. नवऱ्याकडं अमुक एवढी मालमत्ता असेल तर त्याची बायको म्हणून. सैनिकाची विधवा म्हणून, आई म्हणून. किंवा बाईला लिहिता-वाचता येत असेल तर. पुण्यात १९२७ साली सुरू झालेली अखिल भारतीय महिला परिषद तेव्हा या 'बायको म्हणून मत' देण्याच्या विरोधात होती. आम्हाला माणूस म्हणून मत द्या, सरसकट सगळ्यांना द्या, असं त्या म्हणत होत्या. शिकलेल्या, बऱ्या घरच्या बायका होत्या त्या. त्यांना स्वतःला मत मिळतच होतं, तरी त्या अडून बसल्या. आपल्याला हे मोठं वाटतं.

आणि आपला मराठवाडा? आपण तर मुंबई इलाख्यातही नव्हतो. नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि आजचा लातूर जिल्हाही निजामाकडंच. १९२१ चं ते थोडंथोडकं मतसुद्धा आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आलं नाही. इथं आधी राज्य बदलायला लागलं. मुक्तिसंग्रामात बायका उतरल्या, दगडाबाई शेळके यांच्यासारख्या तर हातात बंदूक घेऊन. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला आणि २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. २१ वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला मत. शेत असो नसो, अक्षर येवो न येवो, बाई असो की बुवा. निजामाची रयत असलेली आपली आजी एकदम मतदार झाली, मधली एकही पायरी न चढता. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात बाईला देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं, हेही ध्यानात ठेवा. कुणी "आपल्याकडं बायकांना उगाच लवकर दिलं" म्हणालं, तर सांगायला बरं पडतं.

पण मत कागदावर मिळालं, तरी यादीत नाव पाहिजे. पहिल्या निवडणुकीची यादी करायला कर्मचारी दारोदार गेले, तेव्हा देशभरात लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. नाव काय? अमक्याची बायको. तमक्याची आई. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. तेव्हा देशात सुमारे आठ कोटी महिला मतदार होत्या. त्यांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं शेवटी यादीतून गळली. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत अशा उत्तरेकडच्या. सेन साहेबांवर तेव्हा टीका झाली. त्यांनी चूक केली का? आमच्यात यावर दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, तशीच घ्यायची होती नावं, त्या बिचाऱ्यांचं मत बुडालं. आम्हा बाकीच्यांना वाटतं, की तेव्हा 'अमक्याची बायको' चालवून घेतलं असतं, तर आजही तेच चाललं असतं.

आमच्या गटातली सगळ्यांत थोरली मावशी सांगते, की तिची सासू त्या पहिल्या मतदानाला बैलगाडीत बसून गेली होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. सासू आत गेली, पेट्या बघितल्या आणि कागदाबरोबर एक फूलही टाकून आली, पेटीला हात जोडून. घरी सासऱ्यानं विचारलं, "कुठं टाकलंस?" ती म्हणाली, "देवाला काय मागितलं ते सांगत असतात होय?" मावशी ही गोष्ट दर निवडणुकीला सांगते आणि आम्ही दर वेळी हसतो. पण ती बाई नवऱ्याचं नाव जन्मात कधी तोंडानं न घेतलेली, फक्त उखाण्यात घेतलेली. तिनं मत स्वतःचं स्वतःपाशी ठेवलं.

आजही विचारतातच की. उमेदवाराची माणसं बेलभंडारा उचलायला लावतात, शपथ घ्यायला लावतात. घरचे दटावतात, "कुठं दाबलंस ते कळतं आम्हाला." कळत नाही. मशिनवर कोणी कुठं बटण दाबलं याची नोंद नावासकट कुठंच राहत नाही. लोकसभा-विधानसभेला चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते ती आपल्यालाच, मग खाली पेटीत पडते.

मतावरून खुर्चीवर येऊ. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं, लाखांनी बायका जमल्या. शेतकरी महिला आघाडीनं तिथून पंचायतीच्या निवडणुका बायकांनीच लढवायचा विचार पुढं आणला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात सगळीच्या सगळी पंचायत बायकांची निवडून आली. आरक्षण येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. त्याच चळवळीनं लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम काढली, नवऱ्यानं थोडी जमीन बायकोच्या नावानं करून द्यायची. परत नावच आलं बघा, सातबाऱ्यावरचं.

२४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं पडली. आमच्यातल्या दोघींचं माहेर त्या पट्ट्यातलं. त्या सांगतात, की नंतर घरं दुरुस्त करायच्या कामात गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. सिमेंट किती, गज किती, हप्ता कधी, हे बायका विचारायला लागल्या. आधी ज्या उंबऱ्याबाहेर येत नव्हत्या, त्या इंजिनिअरशी बोलायला लागल्या. राजकारणात पाऊल टाकायची हिंमत त्या भागात कशी आली, हे त्यांना विचारलं तर त्या आरक्षणाच्या आधी भूकंपाचंच नाव घेतात. इतकं मोठं मरण बघितल्यावर कुणाची भीती वाटणार.

२०११ मध्ये महाराष्ट्रानं ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेत आरक्षण ५० टक्के केलं. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. पण वर जाल तसं माणूस विरळ होतं. नांदेडनं लोकसभेला बाई पाठवली १९९१ साली, सूर्यकांता पाटील. लातूरनं २००४ साली, रूपाताई पाटील निलंगेकर. इतक्या वर्षांत एकेकदाच. विधानसभेच्या २८८ आमदारांत २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा बायकांचा आकडा २५ च्या आतच राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेनं लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा केला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांची अट घातली. कायदा मंजूर झाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. अट नंतर कळली.

आणि खुर्ची मिळाली तरी तीत कोण बसतं? आमच्या ओळखीची एक सरपंचबाई आहे, नाव नको. तिच्या गावात बॅनर लागतात, त्यावर नवऱ्याचा फोटो मोठा आणि हिचा कोपऱ्यात. हल्ली पंचायतीचा निधी काढायला सरपंच आणि ग्रामसेवकाची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. ते डोंगल कुणाच्या खिशात असतं? आम्ही तिला विचारलं तेव्हा तिला डोंगल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तिच्या नावानं गटाराचं बिल निघालं होतं आणि गटार झालेलं नव्हतं. उद्या चौकशी लागली, तर नवऱ्याला कुणी विचारणार नाही, नोटीस हिच्या नावानं येणार. हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती घाबरली, मग चिडली. आता डोंगल तिच्या कपाटात, साडीच्या घडीत असतं. नवरा आठ दिवस बोलला नाही म्हणे. आठ दिवस शांतता मिळाली, असं ती आम्हाला हळूच म्हणाली.

बरं, ज्या निवडून आल्या नाहीत त्यांनी काय करायचं? दर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या गावात होते का? आमच्या गावात व्हायची, वहीत. शिपाई घरोघर जाऊन सह्या आणायचा, "लाडकी बहीणचं काम आहे, अंगठा द्या," आणि झाली महिला सभा. आता आम्ही सही करण्याआधी वही वाचून घेतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा कळलं, की आम्ही सगळ्यांनी एकमतानं स्मशानभूमीला पेव्हर ब्लॉक मागितले होते!

तर परत आमच्या यादीकडं. ठराव पडल्यावर आम्ही दोन वर्षं काय केलं ते सांगतो. तुम्हालाही करता येईल.

आधी गावचा बीएलओ शोधला. बहुतेक ठिकाणी अंगणवाडीताई नाहीतर शाळेचे गुरुजी असतात. लग्न होऊन आलेल्या सुनांसाठी अर्ज क्रमांक ८ भरला. त्यानं नाव माहेरच्या यादीतून सासरच्या यादीत येतं. पुराव्याला आधार किंवा बँकेचं पासबुक चालतं. ज्यांचा आधार अजून माहेरच्या पत्त्याचा होता, त्यांना गटाच्या बँकेतलं पासबुक कामी आलं. ज्यांचं नाव कुठंच नव्हतं, त्यांचा अर्ज क्रमांक ६. वारलेल्यांसाठी अर्ज क्रमांक ७. हा शेवटचा अर्ज भरताना घरच्यांना वाईट वाटतं. एका सासूबाईंनी तर, "राहू दे की गं, तेवढंच नाव आहे तिचं कुठंतरी," असं म्हणून आपल्या वारलेल्या जावेचं नाव काढू दिलं नाही. आम्ही चार महिने थांबलो. मग त्यांनीच मृत्यूचा दाखला आणून दिला.

नाव दोन ठिकाणी ठेवू नका, कायद्यानं मनाई आहे. आणि मतदान आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात, ठरवून दिलेल्या तारखेला तिच्यात असलेलीच नावं येतात. नंतर फक्त वॉर्ड चुकला असेल, अक्षर चुकलं असेल तेवढं दुरुस्त होतं. १८ वर्षं पूर्ण झाल्याची मोजणी आता वर्षातून चार तारखांना होते, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्या पोरी आगाऊ अर्ज देऊ शकतात. लेकीच्या लग्नाची घाई करणाऱ्या घरात आम्ही हे मुद्दाम सांगतो, आधी मतदार होऊ द्या तिला. अडलं तर १९५० या नंबरला फोन करा.

एक गाठ मात्र आम्हाला सुटलेली नाही. ऊसतोडीची. मुखेड, कंधारकडच्या बायांना हे जास्त कळेल. २०२४ च्या विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला आणि कारखान्यांना गाळपाची परवानगी होती १५ नोव्हेंबरपासून. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, कोयता नवरा-बायकोचा मिळून असतो. निवडणूक कामगारांना टपाली मत आहे, सैनिकांना आहे. दोनशे कोस लांब उसाच्या फडात असलेल्या आमच्या बहिणीला नाही. मतदान त्यांच्या गैरहजेरीत, आणि आडव्या बाटलीच्या हिशोबात त्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. म्हणून आम्ही ठरवलं आहे, की निवेदन द्यायचं ते टोळ्या गावात परतल्यावर, आणि मतदानाची तारीखही पावसाळ्याआधीची मागायची. तारीख आपल्या हातात नसते, पण मागायला काय जातं.

यादीची शेवटची दोन पानं तपासायची राहिली आहेत. आमची सचिव आता आमच्याच यादीत आहे, घर क्रमांक बरोबर, नाव तिचं स्वतःचं, माहेरी होतं तेच. चैत्रात टोळ्या आल्या की सह्यांचे कागद पुन्हा निघतील. त्या कागदावर पहिली सही कुणी करायची यावरून सध्या आमच्यात भांडण चालू आहे.